घड्याळ लावून पाजलेली प्रोसेक्को

न्यूकॅसलहून एडिंबरोला रेल्वेने जायला साधारण दीड तास लागतो. न्यूकॅसलमधल्या एखाद्या पिझ्झा रेस्टॉरंटात शनिवारी सकाळी अकरा वाजता ठरावीक रक्कम मोजली, की तेवढाच दीड तास एका पिझ्झ्यासोबत प्रोसेक्को ही इटलीची फेसाळ वाइन हवी तितकी पिता येते. एडिंबरोत मात्र हाच सौदा कोणी देऊ केला, तर त्याचा मद्यपरवाना धोक्यात येतो. ‘बॉटमलेस ब्रंच’ (ग्लासाला तळच नसलेले न्याहारी-जेवण) या नावाने ब्रिटनमध्ये फोफावलेल्या या प्रकाराबद्दल एकाच देशाच्या दोन भागांनी असे दोन निराळे निर्णय घेतले आहेत आणि त्यांतला कोणता योग्य, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. इंग्लंडात राहणाऱ्या मराठी माणसांनाही तो चुकत नाही, कारण ऑफिसातल्या सहकाऱ्याचा निरोप, मैत्रिणीचा वाढदिवस किंवा लग्नाआधीची पार्टी यांसाठी हल्ली सर्रास असेच टेबल राखून ठेवले जाते आणि आमंत्रण मोडणे अवघड असते.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. स्कॉटलंडचा २००५ चा परवाना कायदा सप्टेंबर २००९ पासून पूर्णपणे अमलात आला. त्यात बेजबाबदार विक्रीयोजनांची यादीच दिलेली आहे आणि एका रकमेत अमर्याद मद्य देणे हे त्या यादीत स्पष्ट शब्दांत येते. इंग्लंड आणि वेल्सचा कायदा २००३ चा. त्याला २०१० मध्ये काही सक्तीच्या अटी जोडल्या गेल्या. त्यांत अमर्याद मद्याच्या योजनांवर निर्बंध आले खरे, पण टेबलावर बसून घेतलेल्या जेवणाबरोबरच्या सवलतीला त्यांतून मोकळीक ठेवली होती. २०१४ मध्ये ही शब्दरचना बदलली आणि आता अशी योजना तेव्हाच बेकायदा ठरते, जेव्हा तिच्यामुळे कायद्याच्या उद्दिष्टांना लक्षणीय धोका पोहोचतो. ही उद्दिष्टे चार आहेत: गुन्हे आणि बेशिस्त रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणे आणि मुलांचे रक्षण. स्कॉटलंडच्या कायद्यात पाचवेही आहे, ते म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे रक्षण आणि संवर्धन. फरकाचे मूळ बरेचसे इथेच आहे. इंग्लंडात एका टेबलावरच्या सहा जणींनी दुपार होण्याआधी प्रत्येकी बाटलीभर वाइन संपवली आणि त्या कोणाशी न भांडता, आरडाओरडा न करता टॅक्सीने घरी गेल्या, तर कायद्याच्या लेखी काहीच घडलेले नसते.

माझ्या मते या एका कलमापुरते स्कॉटलंडचे बरोबर आहे, मात्र त्याच्या समर्थनार्थ जे कारण सहसा पुढे केले जाते ते दुबळे आहे. ‘लोक फार पितात, म्हणून बंदी घाला’ असे म्हणणाऱ्याला रात्री अकरापर्यंत पबमध्ये बसणाऱ्यांचे काय करायचे, हे सांगता येत नाही. बॉटमलेस ब्रंचचा खरा दोष त्याच्या घड्याळात आहे. एरवी रेस्टॉरंट मद्य विकते ते ग्लासावर किंवा बाटलीवर. इथे ते वेळेवर, म्हणजे मिनिटांच्या हिशेबाने, विकले जाते, आणि वेळेवर विकलेल्या मद्याचा दर पिणाऱ्याच्या वेगावर ठरतो: जो सावकाश पितो त्याला ग्लास महाग पडतो, जो घाई करतो त्याला स्वस्त. मद्याच्या बाबतीत घाईला बक्षीस देणारी अशी दुसरी किंमतपद्धत निदान रेस्टॉरंटच्या धंद्यात तरी माझ्या पाहण्यात नाही.

हा प्रकार पिझ्झ्याच्या रेस्टॉरंटांत इतका का रुजला, हे समजून घेतले तर बरेच काही उलगडते. पीटर बॉयझॉट यांनी १९६५ मध्ये लंडनच्या सोहो भागात पिझ्झाएक्स्प्रेस सुरू केले, तेव्हापासून ब्रिटनमध्ये कोणालाही पोराबाळांसह जाता येईल अशा साध्या पिझ्झा रेस्टॉरंटांची परंपरा आहे, आणि अलीकडच्या काळात तीत इटलीतल्या नेपल्सच्या धर्तीच्या दुकानांची भर पडली आहे. नेपल्सच्या पद्धतीत भट्टी ४३० अंश सेल्सिअसच्याही वर तापवावी लागते आणि तेवढ्या आचेवर पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत भाजून निघतो. भट्टी तापायला मात्र बराच वेळ लागतो, म्हणून दुपारच्या गर्दीसाठी ती सकाळीच पेटवावी लागते. मैदा आधीच भिजवून फुगायला ठेवलेला असतो, स्वयंपाकघरातली माणसे कामावर आलेली असतात आणि शनिवारी अकरा ते एक या वेळात टेबले ओस पडलेली असतात. अंड्यांच्या ब्रंचसारखे चार तव्यांवर चार जणांच्या चार फर्माइशी सांभाळण्याची कटकट इथे नसते. सहा माणसांच्या टेबलाला दहा मिनिटांत खाणे पोहोचते, आणि उरलेला सव्वा तास फक्त ग्लास भरत राहायचे. खारट चीज तहान वाढवते, हे आणखी वेगळे. थोडक्यात, रिकाम्या टेबलांतून उत्पन्न काढण्याची ही युक्ती आहे, आणि भाडे, गॅस, पगार व वीस टक्के व्हॅट यांच्या कात्रीत सापडलेल्या मालकाने ती योजली यात मला काहीही वावगे दिसत नाही. ज्यांना हा प्रकार नकोसा वाटतो, त्यांनी निदान हे गणित ध्यानात घेऊनच पर्याय सुचवायला हवा.

प्रोसेक्कोही या गणितात चपखल बसते. शॅम्पेनला बुडबुडे आणणारे दुसरे आंबवणे प्रत्येक बाटलीत स्वतंत्रपणे होते. प्रोसेक्कोचे ते पोलादी टाक्यांत एकगठ्ठा उरकते, म्हणून ती पुष्कळ स्वस्त पडते. त्यात १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिटनने मद्यावरचा कर तीव्रतेनुसार आकारायला सुरुवात केली आणि फेसाळ वाइनवर साध्या वाइनपेक्षा अधिक असलेला कर संपला. लंडनमध्ये माणशी तीस ते पंचेचाळीस पौंडांत पिझ्झा आणि अमर्याद पेय देऊनही मालकाचे भागते ते यामुळे, आणि अर्थातच सगळे सारखे पीत नाहीत यामुळे. कमी पिणारा माणूस जास्त पिणाऱ्याचे बिल भरत असतो.

पिणाऱ्याच्या बाजूचा हिशेब वेगळा आहे. ब्रिटनमध्ये शुद्ध अल्कोहोलचे १० मिलिलिटर म्हणजे एक युनिट धरतात. ११ टक्के तीव्रतेच्या प्रोसेक्कोचा १२५ मिलिलिटरचा ग्लास सुमारे १.४ युनिटांचा होतो आणि असे सहा ग्लास, म्हणजे एक पूर्ण बाटली, सव्वाआठ युनिटांची. आठवड्याला नेमाने १४ युनिटांपेक्षा अधिक पिऊ नये, असा सल्ला तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ मध्ये दिला. एका बैठकीत स्त्रियांनी सहा आणि पुरुषांनी आठ युनिटांच्या वर घेतली, तर आरोग्य आकडेवारीत ते ‘बिंज’, म्हणजे एका बैठकीतले अतिरेकी पिणे, धरले जाते. पंधरा मिनिटांना एक ग्लास हा काही विक्रमी वेग नव्हे. गप्पांच्या ओघात तो सहज गाठला जातो. यकृत मात्र तासाला साधारण एकच युनिट निस्तरू शकते. अकरा वाजता बसलेली आणि सहा ग्लास घेतलेली व्यक्ती साडेबाराला उठते, तेव्हा पावणेसात युनिटांच्या आसपास मद्य तिच्या शरीरात अजून शिल्लक असते. शनिवारी रात्री जागलेल्यांना रविवारी उशिरा उठून निवांत खाता यावे, म्हणून १८९५ मध्ये गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने ब्रंचची कल्पना मांडली होती. आता शनिवारची रात्रच सकाळी अकराला सुरू होते.

अशा टेबलावर मीही बसले आहे, उत्तर इंग्लंडातल्या एका शहरात, सहकाऱ्यांबरोबर. बसताच वेटरने एका चिठ्ठीवर वेळ लिहिली आणि ती तिखट तेलाच्या बाटलीखाली सरकवली. पहिला ग्लास ऐसपैस गप्पांत गेला. ग्लास रिकामा झाल्याशिवाय पुन्हा भरायचा नाही, असा तिथला नियम होता. तो लोकांनी बेताने प्यावे म्हणून केलेला असणार, पण घडत होते उलटेच, कारण वेटर जवळ येताना दिसला की अर्धा उरलेला ग्लास एका घोटात संपवून पुढे केला जाई. शेवटची मागणी वेळ संपण्याच्या पंधरा मिनिटे आधी घेतली जाईल, हे कळल्यावर तर संभाषणच थांबले. कोणीतरी फोनवर भागाकार करून आतापर्यंत एक ग्लास कितीला पडला ते सांगितले, आणि अजून दोन घेतले की पैसे वसूल, असे सर्वानुमते ठरले. मधल्या बशीत मार्गारिटा पिझ्झ्याचे चार तुकडे तसेच पडून होते, वरचे चीज गार होऊन मेणासारखे झाले होते आणि तुळशीच्या जातीतले ते बेसिलचे पान काळे पडले होते. त्यांना कोणी हात लावत नव्हते, कारण खाण्यात पोटातली जागा आणि हातातला वेळ दोन्ही खर्ची पडत होते. जेवणासोबतचे मद्य म्हणून परवाना खात्यापुढे ज्याचे समर्थन होते, त्यात जेवणच अडचण होऊन बसले होते.

यावर कोणी म्हणेल, की आपल्याकडच्या अमर्याद थाळीत तरी दुसरे काय होते? तिथेही एकच दर, तिथेही वाढपी न विचारता पुरणपोळीवर तूप ओतत असतो आणि तिथेही पैसे वसूल करण्याच्या ईर्षेने दोन घास जास्त जातात. साम्य खरे आहे, पण ते फार पुढे जात नाही. थाळीत माणसाला थांबवणारे पोट असते, आणि चौथ्या पोळीनंतर ते आपला निर्णय खणखणीतपणे कळवते. मद्याच्या बाबतीत थांबायचे कधी हे ज्या विवेकाने ठरवायचे, तोच प्रत्येक ग्लासागणिक ढिला पडत जातो. त्यात बुडबुड्यांच्या वाइनमधले मद्य रक्तात लवकर उतरते. शिवाय थाळी जेवणाऱ्यासमोर कोणी वेळेची चिठ्ठी ठेवत नाही. बाहेर रांग असली तर मालक घुटमळतो, फार तर पान आणून देतो, एवढेच.

घड्याळाखालोखाल मला आक्षेपार्ह वाटते ती ‘टेबलावरच्या सर्वांनी’ ही अट. अनेक ठिकाणी बॉटमलेस घ्यायचे तर संपूर्ण टेबलाने घ्यावे लागते, एकट्यादुकट्याला वगळता येत नाही. कारण उघड आहे: नाहीतर एक जण पैसे भरेल आणि चौघे त्याच्या ग्लासातून पितील. ही भीती खोटी नाही, पण तिच्यावरचा हा उपाय न पिणाऱ्याच्या मुळावर येतो. ऑगस्टमध्ये उन्हाळी पार्टी ठरते आणि त्याच सुमारास श्रावण असतो. श्रावण पाळणारा सोलापूरचा अभियंता, गरोदर असल्याचे अजून कोणाला न सांगितलेली सहकारी, औषधे चालू असलेला वरिष्ठ, रमजानखेरीज एरवीही न पिणारी मुस्लिम मैत्रीण, पूर्वी व्यसनात अडकून आता सावरलेला एखादा: या सगळ्यांपुढे दोनच वाटा उरतात. एक तर सर्वांइतके पैसे भरून लिंबू सरबत प्यायचे, नाहीतर आपण का पीत नाही याचा खुलासा भर टेबलावर करायचा. काही रेस्टॉरंटे बिनमद्याचा वेगळा, कमी दर ठेवतात. ठेवत नाहीत तीही पुष्कळ आहेत. आणि पैसे भरलेच आहेत तर एखादा घेऊन टाक, या आग्रहाला भल्याभल्यांचा निश्चय बळी पडतो. मुंबईतल्या तारांकित हॉटेलांमध्ये रविवारच्या ब्रंचला बिनमद्याचा, मद्यासह आणि शॅम्पेनसह असे वेगवेगळे दर असतात आणि एकाच टेबलावरचे चौघे आपापला दर निवडू शकतात. ही हॉटेले काही समाजसेवा करत नाहीत. कोण कोणत्या दरात बसले आहे, हे वेटर लक्षात ठेवतो, इतकी साधी ती व्यवस्था आहे, आणि मुंबईला जे जमते ते मँचेस्टरला न जमण्याचे काही कारण नाही.

समर्थकांची बाजू मी हलकी लेखत नाही. इंग्लंडचा पब हा पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचा अड्डा होता. भर दिवसा, उजेडात, टेबलावर बसून, मैत्रिणींच्या घोळक्यात मद्य घेण्याची ही जागा स्त्रियांना आपलीशी वाटली यात नवल नाही. रात्री दोन वाजता उपाशीपोटी रस्त्यावर असण्यापेक्षा ती सुरक्षितही आहे. एकूण खर्च किती होणार हे आधीच कळते, ही विद्यार्थ्यांना आणि नव्याने नोकरीला लागलेल्यांना फार मोठी सोय वाटते. पबमध्ये आळीपाळीने सगळ्यांसाठी ग्लास विकत घेण्याच्या ब्रिटिश रिवाजात परक्या माणसाची जी तारांबळ उडते, ती इथे उडत नाही. ब्रिटनमध्ये २०२३ या वर्षात निव्वळ मद्यामुळे १०,४७३ मृत्यू नोंदले गेले, हा तोवरचा उच्चांक होता. पण ते सगळे ब्रंचच्या खाती मांडणे हा अप्रामाणिकपणा होईल. असे मृत्यू प्रामुख्याने वर्षानुवर्षांच्या पिण्याने यकृत निकामी होऊन होतात आणि त्यातले बरेचसे पिणे सुपरमार्केटमधून आणलेल्या बाटल्यांवर घरीच चालते. मात्र या समर्थनातल्या कोणत्याच मुद्द्याला घड्याळाची गरज लागत नाही, हे पाहण्यासारखे आहे. उजेड, टेबल, मैत्रिणी, आधी ठाऊक असलेली रक्कम हे सगळे ठेवूनही वेळेवरची विक्री काढून टाकता येते.

आणखी एक माणूस या चर्चेत सहसा कोणाला आठवत नाही, तो म्हणजे ग्लास भरणारा. इंग्लंडच्या कायद्याच्या १४१ व्या कलमानुसार नशेत असलेल्या व्यक्तीला जाणूनबुजून मद्य विकणे हा गुन्हा आहे आणि त्याचा दंड विकणाऱ्यावर, म्हणजे प्रत्यक्ष वेटरवरही, होऊ शकतो. एरवी ‘आता पुरे’ असे सांगणारा वेटर एक विक्री नाकारत असतो. बॉटमलेसमध्ये तो गिऱ्हाइकाने आधीच पैसे मोजून घेतलेली वस्तू नाकारतो. आठवड्याच्या सुटीत काम करणाऱ्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, ज्यांच्याकडून बक्षिशीची आशा आहे अशा दहा जणांच्या आनंदी टेबलाला हे सांगावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. तो सांगत नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याची माझी तयारी नाही.

मग करायचे काय? स्कॉटलंडच्या कायद्यातले सगळेच उचलावे असे मी म्हणणार नाही. एकदा ठरवलेला मद्याचा दर ७२ तास बदलायचा नाही, हा तिथला नियम मला लहान धंद्यांना जाचक वाटतो. पण अमर्याद ऐवजी संख्या लिहिणे ही अगदी छोटी दुरुस्ती आहे. एक पिझ्झा आणि तीन ग्लास, किंवा एक पिझ्झा आणि चार ग्लास, अमुक पौंड. शेजारी युनिटे छापलेली. न पिणाऱ्यासाठी त्याच टेबलावर वेगळा दर. टेबल दीड तासाने रिकामे हवे असेल तर तसे जरूर सांगावे, कारण टेबलाची वेळ हा मालकाचा रास्त हक्क आहे. प्रश्न येतो तो टेबलाची वेळ आणि मद्याची वेळ एकच केल्याने. चौथा ग्लास शेवटचाच आहे हे ठाऊक असलेला माणूस तो पुरवून पितो आणि पिझ्झा गरम असताना खातो. मालकाचे नुकसान होईल म्हणावे, तर संख्या ठरल्यामुळे त्याचा खर्चही ठरतो, आणि कमी पिणाऱ्याला जास्त पिणाऱ्याचे बिल भरावे लागणेही बरेच आटोक्यात येते. तरीही ज्याला आणखी हवे आहे, त्याने पाचवा ग्लास विकत घ्यावा. त्याला कोणी अडवलेले नाही. फक्त प्रत्येक ग्लासाची किंमत पुन्हा त्या ग्लासाला चिकटेल.

यासाठी संसदेत नवा कायदा होण्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. इंग्लंडात मद्यपरवाने देण्याचे काम स्थानिक कौन्सिल करते आणि आपले परवानाधोरण तिला निदान दर पाच वर्षांनी नव्याने जाहीर करावे लागते. त्याआधी रहिवाशांची मते मागवली जातात. वेळेवर विकलेले अमर्याद मद्य आम्ही लक्षणीय धोका समजतो आणि नव्या परवान्याच्या अर्जदाराने त्याऐवजी ठरावीक ग्लासांची योजना मांडावी, अशी अपेक्षा त्या धोरणात लिहिता येते. तिला कायद्याचे बळ नसले, तरी एखाद्या अर्जावर किंवा फेरतपासणीत हरकत निघाली, की कौन्सिलची परवाना समिती त्या अपेक्षेकडे बोट दाखवू शकते. ही मते मागवली जातात तेव्हा उत्तरे येतात ती बहुतेक मद्यविक्रेत्यांच्या वकिलांची आणि रात्रीच्या गोंगाटाने त्रासलेल्या शेजाऱ्यांची. दुपारी टेबलावर बसणाऱ्यांचे, न पिता पैसे भरणाऱ्यांचे आणि ग्लास भरणाऱ्यांचे म्हणणे त्यांत क्वचितच असते. राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून तिथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीयांना कौन्सिलच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क आहे, ब्रिटिश पासपोर्ट नसला तरी. नगरसेवक दारात मत मागायला येतो, तेव्हा कचऱ्याचे डबे आणि पार्किंग यांच्या जोडीला हा विषयही त्याच्यापुढे काढता येईल.